मामूंच्या तोंडात कुणी पाहिलंच नाही

माझे मामू भिवंडीत यंत्रमागावर होते. रात्रपाळीत झोप येऊ नये म्हणून ते गुटखा खात. पुढे तिखट सालन तोंडात घेतलं की आग व्हायची. एका रमजानमध्ये इफ्तारला खजूर खातानाही तोंड नीट उघडेना. मोहल्ल्यातल्या डॉक्टरांनी सहा महिने बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि जखमेवर लावायचं मलम दिलं. टॉर्च लावून आत एकदाही पाहिलं नाही. मुंबईला नेलं तेव्हा फार उशीर झाला होता.

पुढे वाचत गेलो तेव्हा कळलं की मामूंचा आजार वैद्यकशास्त्राला नवा नव्हता. १९३३ साली डॉ. ऑर यांनी 'लॅन्सेट'मध्ये त्रावणकोरातल्या विडा खाणाऱ्यांच्या तोंडाच्या कॅन्सरवर लिहिलं होतं. मुंबईत १९४१ साली टाटा मेमोरियल सुरू झालं आणि तीनच वर्षांनी तिथले डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५५ साली संघवी, राव आणि खानोलकर यांनी तंबाखू ओढणं-चघळणं आणि हा कॅन्सर यांचा संबंध आकडेवारीनिशी मांडला.

तोंड आखडण्याचंही तसंच. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय बायकांमध्ये ही अवस्था नोंदवली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी तिला 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे आज रूढ असलेलं नाव दिलं. तिचं मुख्य कारण सुपारी, आणि यातल्या काही रुग्णांना पुढे कॅन्सर होतो. 'तंबाखू नाही, नुसती सुपारीच तर आहे' असं आपल्या घरांत सर्रास म्हटलं जातं. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसत्या सुपारीलाही कॅन्सरकारक ठरवलं आहे.

म्हणजे हे ज्ञान मुंबईत जन्मलं, पण मुंबईपासून तासा-दीड तासावरच्या भिवंडीतल्या दवाखान्यात पोचलं नाही. गर्दी आहे, पेशंटला दोन मिनिटं मिळतात, हे मला मान्य आहे. पण तोंड पाहायला मशीन लागत नाही. १९९६ पासून तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या १३ पंचायतींमध्ये एक मोठा अभ्यास झाला. त्यात तोंडं तपासणारे डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेले आरोग्य कार्यकर्ते होते. २००५ साली निष्कर्ष आला: तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमध्ये अशा तपासणीमुळे तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटले.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. आमच्या नाक्यावर आजही तो मिळतो. तेव्हा बंदीच्या भरवशावर बसू नका. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, तिखटाची आग, कमी होत जाणारं तोंडाचं उघडणं, मानेत गाठ, यातलं काहीही दिसलं तर दाखवा. डॉक्टर गोळ्या लिहू लागले तर अदबीने म्हणा, "डॉक्टरसाहेब, आधी आत बघता का?" काय खातो, किती वर्षं खातो, हेही न लपवता सांगा.

मामू लाजरे होते. त्यांनी हे कधी म्हटलं नाही, आणि आम्हीही त्यांच्या वतीने म्हटलं नाही.