लेंडीचे पाणी कुठे जाते

श्रावणातली दुपार आहे. देगलूरच्या शिवारात, लेंडीच्या काठाशी तुम्ही उभे आहात. रात्री दणकून पाऊस झाला आहे, नदी गढूळ होऊन वाहते आहे. पश्चिमेकडे मुखेडच्या बाजूला काळी रानं, त्यांत सोयाबीन आणि उडीद. पूर्वेकडे मात्र जमिनीतून लालसर ग्रॅनाइटचे गोटे वर डोकावतात. दख्खनचे बसाल्टी पठार याच टापूत संपते आणि त्याखालचा फार जुना खडक उघडा पडतो. शेजारी उभे असलेले काका पाण्याकडे बघून म्हणतात, “एवढं पाणी समुद्रात वाया चाललं बघा.” त्यांच्या बोलण्यात राग आहे, आणि तो रास्त आहे. लेंडी धरणाचे काम १९८०च्या दशकापासून रेंगाळलेले या भागाने पाहिले आहे. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते.

काकांशी वाद घालू नका. त्या पाण्याबरोबर निघा.

पण आजच्या तारखेला निघालात तर फार पुढे जाता येणार नाही. लेंडी मांजरेला मिळेल, मांजरा कंदकुर्तीला गोदावरीला मिळेल, आणि लगेच पोचमपाडच्या श्रीरामसागर धरणात तुमच्या सोबतचा गाळ खाली बसेल. समुद्रापर्यंत जायचे तर काळ मागे सारावा लागेल. १८४०च्या सुमाराचा भाद्रपद घ्या. देगलूर निजामाच्या मुलखात आहे, नदीवर पोचमपाड नाही, राजमहेंद्रीच्या खाली दवलेश्वरमला सर आर्थर कॉटन यांचा बंधारा अजून बांधला गेलेला नाही. तो १८५२ला पुरा होईल. आता वाट मोकळी आहे. बासर मागे पडते, मग भद्राचलम, मग पापी टेकड्यांतली अरुंद घळ, जिथे पाणी एकदम खोल आणि वेगवान होते. राजमहेंद्रीला पात्र इतके रुंद होते की पलीकडचा काठ पुसट दिसतो. तिथून नदीच्या शाखा फुटतात आणि एका पहाटे तुमच्या ओठांना खारट चव लागते.

इथे थोडे थांबायला हवे, कारण मराठवाड्याच्या पावसाची अर्धी गोष्ट इथे घडते.

तुम्ही ज्या पाण्यातून आलात ते खाली बुडत नाही. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड. गोदावरीचे पाणी, कृष्णेचे, महानदीचे, इरावतीचे आणि त्या सगळ्यांहून कितीतरी मोठे गंगा-ब्रह्मपुत्रेचे पाणी बंगालच्या उपसागरावर दुधावरच्या सायीसारखे पसरते. शिवाय उपसागरावर थेट पडणारा पाऊस आहेच. अरबी समुद्रातल्या एक किलो पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ असते. उपसागराच्या उत्तर भागात पावसाळ्याच्या शेवटी हे प्रमाण ३०च्याही खाली उतरते. हा हलका थर पातळ असतो, पण वाऱ्याला सहज हार जात नाही. वारा पाणी घुसळू पाहतो, खालचे गार पाणी वर आणू पाहतो. हा थर ते होऊ देत नाही. म्हणून सूर्याची उष्णता वरच्या काही मीटरांतच अडकून राहते आणि भर पावसाळ्यातही उपसागराचा पृष्ठभाग २८ अंशांच्या वर राहतो. समुद्र इतका उबदार असला की त्यावर उंच ढग उभे राहतात, कमी दाबाचे पट्टे तयार होतात, आणि ते ओडिशा-आंध्राचा किनारा ओलांडून पश्चिमेकडे सरकतात.

तिकडे अरबी समुद्रात उलट चित्र आहे. वारे जोराचे, बाष्पीभवन जास्त, नद्यांचे पाणी कमी, म्हणून मीठ जास्त. गोड्या पाण्याचा अडसर नसल्याने खालचे गार पाणी वर येते आणि पावसाळा सुरू झाला की तो समुद्र निवतो. त्याच्या वाऱ्यांतले बरेचसे बाष्प सह्याद्रीच उतरवून घेतो. मराठवाडा पर्जन्यछायेत आहे हे शाळेत सगळ्यांनी पाठ केले. पण श्रावण-भाद्रपदात नांदेड जिल्ह्याला भिजवणारे आभाळ बहुतेक वेळा पूर्वेकडून, त्या उबदार उपसागरावरून येते, हे पाठ्यपुस्तकात ठळकपणे आले नाही. आपण मृगापासून पश्चिमेकडे डोळे लावून बसतो. मघा, पूर्वा या नक्षत्रांतला पाऊस पाहताना जरा पूर्वेकडेही पाहायला हवे.

आता खाली जा. गाळाचे कण बुडतात, त्यांच्याबरोबर तुम्हीही. किनाऱ्यापासून फार लांब नाही, पण पाणी सव्वा किलोमीटर खोल आहे. अंधार आणि थंडी. तळाशी मऊ चिखल आहे. त्यात देगलूर-बिलोलीच्या लाल खडकाची भुकटी आहे आणि परभणी-बीडच्या काळ्या मातीचीही. झाडागवतांच्या पानांवरचे मेण आहे, हजारो वर्षे न कुजणारे. आणि मोहरीहूनही लहान शिंपले आहेत, ‘ग्लोबिजेरिनॉइडीस रुबर’ नावाच्या एकपेशीय जिवाचे. हा जीव वरच्या थरात जगतो आणि त्या वेळच्या पाण्यातला ऑक्सिजन आपल्या कवचात बांधून ठेवतो. पाण्याची वाफ होताना हलका ऑक्सिजन आधी उडून जातो, जड मागे राहतो. नदी-पावसाच्या पाण्यात हलका जास्त असतो. म्हणून कवचातला ऑक्सिजन तोलला की तो जीव जगला तेव्हा समुद्र किती खारा होता याचा अंदाज बांधता येतो.

चिखलात जितके खोल उतराल तितके मागे जाल.

पहिला मुक्काम इ. स. १४००च्या आसपासचा. वर देगलूरच्या भूमीवर बहमनी राज्य आहे, राजधानी गुलबर्गा. होट्टलची चालुक्यकालीन देवळे तेव्हाच जुनी झालेली. आणि पाऊस नाही. दख्खनची स्मृती १३९६ ते १४०७ या काळाला दुर्गादेवीचा दुष्काळ म्हणते. गावेच्या गावे ओस पडली, किल्ले रिकामे राहिले असे सांगतात. त्या स्मृतीला साक्षीदार मिळाला आहे: बस्तरमधल्या दंडक गुहेतल्या चुनखडीच्या स्तंभात चौदाव्या-पंधराव्या शतकातला कमजोर पाऊस नोंदलेला आहे. या चिखलातही खुणा आहेत. गेल्या ३,००० वर्षांत, आणि त्यातही सुमारे १,७०० वर्षांपूर्वीपासून, या कवचांनी अधूनमधून अशा खारटपणाच्या नोंदी केल्या आहेत ज्या त्याआधीच्या हजारो वर्षांत दिसत नाहीत. नद्या आटल्या, उपसागराला गोडे पाणी कमी मिळाले, समुद्र खारावला. प्रत्येक नोंदीवर एखाद्या दुष्काळाचे नाव लिहिता येणार नाही. पण मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते की मराठवाड्याच्या कोरड्या पिढ्यांचा हिशेब बखरींहून अधिक सलगपणे आंध्रच्या किनाऱ्यासमोर तळाशी जपला गेला आहे.

आणि हा हिशेब फक्त परिणामाचा नसावा. समुद्र खारावला की वरचा हलका थर विरतो, वारा खोलवर घुसळतो, पृष्ठभाग निवतो, ढग उभे राहणे अवघड होते. म्हणजे दुष्काळाने खारावलेला उपसागर पुढच्या पावसालाही मागे ओढू शकतो. एल निनो, हिंदी महासागराचा द्विध्रुव, हिमालयावरचा बर्फ हे सगळे आपापले वजन टाकत असतात. १९७२च्या दुष्काळामागे एल निनोचा हात होता. क्षारतेचे वजन त्यांत भर घालते, आणि ते सावकाश हलते. कोरडेपणा एका वर्षात न संपता लांबतो तेव्हा त्याकडे विशेष पाहावे लागते.

आणखी खाली. ४,००० वर्षांपूर्वीचा थर. इथून वर येताना पानांच्या मेणाचे रसायन बदलत जाते: झाडे कमी, उन्हाला टिकणारी गवते जास्त. ज्वारीही त्याच गवतांच्या गटातली. मध्य भारत हळूहळू कोरडा होत चालला होता, आणि तो कोरडा होत असतानाच इथे शेती रुजली. प्रवरेकाठी दायमाबादला लोक जव पिकवत होते. शेजारच्या भीमा खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावात, डेक्कन कॉलेजच्या उत्खननाने अशाच शेतकऱ्यांची घरे उघडी केली. सुरुवातीला चौकोनी, प्रशस्त घरे. शेवटच्या काळात लहान गोल झोपड्या. म. के. ढवळीकरांनी त्याचा अर्थ वाढत्या कोरडेपणाशी जोडला. सारखा तोच तर्क नको हेही खरे, कारण माणसे केवळ पावसामुळे गरीब होत नाहीत. पण समुद्रतळाचा पुरावा ढवळीकरांच्या बाजूने बोलतो. तोच थर आणखी एक गोष्ट सांगतो. याच काळानंतर दख्खनची माती अधिक वेगाने वाहून येऊ लागली. पाऊस कमी, झाडी विरळ, आणि वर नांगर. आपल्या बांधाबंदिस्तीचा प्रश्न किती जुना आहे ते या चिखलात कळते.

त्याच्या खाली, सुमारे ९,००० वर्षांपूर्वी, भरभरून पावसाचे दिवस. तिथे रेंगाळायचे मन होते, पण थांबू नका.

२०,००० वर्षांपूर्वी जा. यासाठी उपसागरातल्या इतर ठिकाणचे चिखल मदतीला घ्यावे लागतात. समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली आहे. मान्सून क्षीण आहे, उपसागर आजच्याहून खारा आहे. मग जग तापू लागते, पण सरळ नाही. उत्तर अटलांटिकमध्ये हिमनगांचे थवेच्या थवे वितळतात आणि तिथल्या खाऱ्या समुद्रावर गोडे पाणी पसरते. आपल्या उपसागरात गोडा थर पाऊस आणतो. तिथे तो उलटा घात करतो. अटलांटिकचे खारे, थंड, जड पाणी तळाशी बुडते म्हणूनच उष्ण प्रदेशातली ऊब उत्तरेकडे ओढली जाते. वर हलके पाणी पसरले की बुडणे मंदावते, उत्तर गोलार्ध थंड पडतो, आणि पावसाचा पट्टा दक्षिणेकडे सरकतो. १६-१७ हजार वर्षांपूर्वी असे झाले तेव्हा भारतीय मान्सून शतकानुशतके कमजोर राहिला. ग्रीनलंडच्या आसपासच्या मिठाचा आणि गोदावरी खोऱ्याच्या पावसाचा असा संबंध आहे. हे फक्त हिमयुगातले नाही. १९६८च्या सुमारास आर्क्टिकमधून आलेले गोडे पाणी उत्तर अटलांटिकमध्ये दशकाहून अधिक काळ फिरत राहिले. अटलांटिक थंड-उबदार होण्याच्या दशकांचा मान्सूनशी कसा संबंध असावा, हे पुढे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचे संचालक झालेले बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६मध्ये मांडले.

आता एका झटक्यात वर या. २००६च आहे. ‘जॉयडेस रेझोल्यूशन’ हे जहाज कृष्णा-गोदावरीसमोर समुद्रतळाला भोक पाडते आहे. शोध चालला आहे बर्फात अडकलेल्या वायूचा, म्हणजे हायड्रेटचा, ऊर्जेसाठी. त्याच मोहिमेत तुम्ही ज्यात उतरलात तो चिखल नळीतून वर आला. पुढे कामिलो पोंटन, लिव्हिऊ जोसान आणि सहकाऱ्यांनी त्यातले मेण आणि कवचे तपासली आणि २०१२मध्ये भारताच्या कोरडे होत जाण्याचा हा इतिहास मांडला.

त्याआधीचे एक पाऊल चुकवू नका. १९९९च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘सागरकन्या’ जहाज उपसागरात एका जागी थांबून मोजमापे घेत होते. जुलैच्या अखेरीस उत्तरेकडून नद्यांचे पाणी तिथे येऊन पोचले आणि वरचे पाणी गोडावले. थर कसा बनतो ते यंत्रांसमोर घडले. २००२मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या एस. एस. सी. शेनॉय, डी. शंकर आणि सतीश शेट्ये यांनी दोन्ही समुद्रांचा उष्णतेचा ताळेबंद शेजारी शेजारी ठेवून उपसागर पावसाळ्यात उबदार का राहतो हे दाखवले. पुढे पूर्व किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी दर पाच दिवसांनी बाटलीत समुद्राचे पाणी भरून दिले, आणि त्या बाटल्यांतून कळले की पावसाळ्यानंतर हे गोडे पाणी किनाऱ्याला बिलगून दक्षिणेकडे वाहते. शास्त्रज्ञांनी त्याला समुद्रातली नदी म्हटले. या कामात मला सर्वांत जास्त आदर त्या मच्छीमारांचा वाटतो.

आता काकांच्या बोलण्याकडे यायला हरकत नाही. लेंडीचे, मांजरेचे पाणी अडवून देगलूर-मुखेडच्या रानांना मिळावे, यात काहीही गैर नाही. उपसागराच्या हिशेबात ते थेंबभर आहे. गोदावरी खोऱ्यातल्या तहानलेल्या गावाला समुद्राच्या क्षारतेचे कारण सांगून पाणी नाकारणे हा अन्याय होईल. प्रश्न वेगळ्या आकाराचा आहे. नदीजोड प्रकल्पात सगळ्या मोठ्या नद्यांचे समुद्राकडे जाणारे पाणी एकत्रितपणे कमी करायची योजना आहे, आणि तिच्या समर्थनात दरवेळी तेच वाक्य येते, की हे पाणी वाया जाते. २००६मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात व्ही. राजमणी, जी. एस. भट, पी. एन. विनयचंद्रन, देबाशीष सेनगुप्ता आणि इतर शास्त्रज्ञांनी नेमका याच मुद्द्यावर इशारा दिला होता: उपसागरात येणारे गोडे पाणी घटले तर त्याचा वरचा थर, त्याची ऊब आणि मान्सून यांवर काय परिणाम होईल याचा आधी अभ्यास करा. पाणी पश्चिमेला वळवून कोरडवाहू भागाला द्यायचे आणि त्याच भागावर पूर्वेकडून येणारा पाऊस कमी करून बसायचे, हा धोका खरा आहे की नाही हे मोजून सांगता येण्यासारखे आहे. साधने आहेत: समुद्रात तरंगणाऱ्या आर्गो यंत्रांची फळी आहे, क्षारता मोजणारे उपग्रह आहेत, आणि देगलूरहून बसने जाता येईल अशा हैदराबादेत समुद्राची माहिती गोळा करणारी इन्कॉइस ही संस्था आहे. धरणाच्या अहवालात सिंचन, वीज, पुनर्वसन यांचे हिशेब असतात. समुद्राकडे जाणाऱ्या पाण्याचा हिशेबही त्यातच यायला हवा, आणि त्यावर जनसुनावणी नांदेडलाही व्हायला हवी.