पार्व्हो, १९७८: वहीतल्या तीन नियमांचा इतिहास

ज्यांना लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आलं नाही, किंवा ज्यांना परीक्षेआधी शांतपणे वाचायचंय, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित अवतार.

आजचा विषय पार्व्हो. घरात किंवा सोसायटीत कुत्रं असेल तर हा शब्द कानावरून गेलेला असणार. काल उड्या मारणारं पिल्लू आज कोपऱ्यात पडून असतं. खात नाही, उलट्या करतं, मग रक्ताचे जुलाब. उपचार मिळाले नाहीत तर मरण्याचं प्रमाण ९० टक्क्यांपर्यंत जातं, आणि बरेचदा सगळा खेळ तीन-चार दिवसांत आटोपतो.

माझी मावसबहीण प्राण्यांच्या दवाखान्यातल्या टेक्निशियनचा कोर्स करतेय. तिच्या वहीत पार्व्होच्या पानावर लाल पेनाने तीन नियम आहेत. एक, फरशी ब्लीचनेच पुसायची. दोन, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लसीकरण थांबवायचं नाही. तीन, उलटी-जुलाबाचं पिल्लू आलं की पहिलं काम, त्याला वेगळ्या खोलीत न्यायचं. मला म्हणाली, "दादा, हे नुसतं पाठ करायचं, बाकी काही नाही."

मी धंद्याने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे जुन्या कोडमध्ये एखादा विचित्र नियम दिसला की समजून जायचं, याच्यामागे कुठल्या तरी रात्री मोठा घोळ झालेला आहे. म्हणून मी शोधत गेलो. या तिन्ही नियमांच्या मुळाशी गेलं की आपण एकाच सालाच्या आसपास पोहोचतो: १९७८.

आधी मांजर

गोष्ट सुरू होते मांजरापासून. मांजरांना एक जुना आजार आहे, पॅनल्यूकोपेनिया. नाव लांबलचक असलं तरी अर्थ सरळ आहे: सगळ्या पांढऱ्या पेशी कमी होणं. १९२८ साली फ्रान्समधल्या व्हर्ज आणि क्रिस्टोफोरोनी या संशोधकांनी दाखवलं की हा आजार विषाणूमुळे होतो. पुढे १९४७ मध्ये कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये मिंक पाळणाऱ्यांच्या फार्मवर तसाच जुलाबाचा आजार पसरला. मिंक म्हणजे कातडीसाठी पाळला जाणारा, मुंगसासारखा दिसणारा प्राणी. तिथला विषाणू मांजराच्या विषाणूचाच जवळचा भाऊ निघाला.

कुत्रे मात्र यातून सुटलेले होते. १९६७ मध्ये कुत्र्यांमध्ये एक छोटा पार्व्होव्हायरस सापडला होता, पण तो वेगळ्या घराण्यातला आणि बऱ्यापैकी निरुपद्रवी. म्हणूनच नंतर आलेल्या खतरनाक विषाणूच्या नावात 'टाइप २' आहे. पहिला नंबर आधीच गेलेला होता.

आणि मग १९७८

त्या वर्षी अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलिया, सगळीकडून जवळपास एकाच वेळी बातम्या यायला लागल्या. केनेलमधली कुत्री धडाधड आजारी पडत होती. पिल्लंच काय, मोठी धडधाकट कुत्रीसुद्धा. आजाऱ्यांची विष्ठा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ठेवली तर बारीक गोल कण दिसले, हुबेहूब मांजराच्या विषाणूसारखे.

जुने साठवलेले रक्ताचे नमुने तपासल्यावर कळलं की युरोपातल्या काही कुत्र्यांमध्ये याच्या अँटीबॉडी १९७० च्या दशकाच्या मध्यापासूनच होत्या. म्हणजे विषाणू काही वर्षं गुपचूप फिरत होता. १९७८ मध्ये त्याने जग गाठलं, तेही काही महिन्यांत.

हा आला कुठून? मांजराच्या विषाणूशी याचा जनुकीय मजकूर ९८ टक्क्यांहून जास्त जुळतो. मांजराच्या विषाणूसारख्याच एखाद्या पूर्वजापासून तो निघाला, हे नक्की. सगळा मजकूर फक्त ५,००० अक्षरांच्या आसपास. म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ५ केबी! तुमच्या फोनमधला एक गुड मॉर्निंगचा फोटो याच्या कितीतरी पट मोठा असतो. पेशीवर ट्रान्सफेरिन रिसेप्टर नावाचं एक कुलूप असतं. मांजराच्या विषाणूची चावी मांजराच्या कुलपात बसायची, कुत्र्याच्या नाही. विषाणूच्या बाहेरच्या कवचात मोजके बदल झाले आणि चावी कुत्र्याच्या कुलपातही फिरली. एवढंच झालं.

तो नेमकं करतो काय?

विद्यार्थ्यांनो, हा भाग कळला की लक्षणं पाठ करावी लागत नाहीत.

हा विषाणू इतका छोटा आहे की त्याच्याकडे स्वतःची प्रत काढायची पूर्ण यंत्रणाच नाही. पेशी स्वतःच्या डीएनएची प्रत काढत असते तेव्हा तो त्याच यंत्रावर आपलं काम उरकून घेतो. त्यामुळे त्याला सतत विभागणाऱ्या पेशी लागतात. त्या कुठे असतात? आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत आणि लसिका ग्रंथींमध्ये.

आता जोडा. आतड्याचं अस्तर गळून पडलं की रक्ताचे जुलाब. अस्थिमज्जेवर हल्ला झाला की पांढऱ्या पेशी कोसळतात. आतड्याची भिंत फुटलेली, पहारेकरी गायब, मग आतड्यातले जिवाणू थेट रक्तात. पिल्लू मरतं ते पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे आणि रक्तात पसरलेल्या जंतुसंसर्गामुळे. मांजरीच्या पोटातल्या पिल्लाला लागण झाली तर त्या वेळी वाढत असलेला छोटा मेंदू सापडतो, आणि पिल्लू जन्मभर डुगडुगत चालतं.

नियम पहिला: फरशी

कोरोनाच्या काळात आपण सगळे सॅनिटायझर घेऊन फिरत होतो. कोरोनाच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने आणि अल्कोहोलने फुटतं. पार्व्होला ते आवरणच नाही. त्याचं कवच प्रथिनाचं आणि चिवट. अल्कोहोलचा त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मातीत, फरशीच्या फटीत, बुटाच्या तळाला तो महिनोन्महिने टिकतो. आजारी पिल्लाच्या एक ग्रॅम विष्ठेत अब्जावधी विषाणू असू शकतात. १९७८ मध्ये तो इतक्या वेगाने फिरला, त्यात बुटांचा, पिंजऱ्यांचा आणि गाड्यांचा हात होता. कुत्र्याला कुत्रं भेटायचीही गरज नव्हती.

म्हणून ब्लीच. एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी, दहा मिनिटं फरशी ओली ठेवायची. पण आधी घाण पूर्ण काढून, धुऊन. विष्ठेवर ब्लीच ओतलं तर ब्लीच तिथेच संपतं, विषाणू राहतो. आणि आपल्याकडचं लाडकं फिनाईल? पार्व्होसाठी ते भरवशाचं नाही, शिवाय फिनॉलवाली द्रव्यं मांजरांना विषारी असतात. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा ॲसिड मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

नियम दुसरा: तारीख

१९७८-७९ मध्ये आणखी एक भयंकर प्रकार दिसत होता. काही आठवड्यांची, गुबगुबीत, निरोगी दिसणारी पिल्लं अचानक मरायची. जुलाब नाही, उलटी नाही. तपासल्यावर कळलं की विषाणू हृदयाच्या स्नायूत गेलाय. जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हृदयाच्या पेशी अजून विभागत असतात, आणि आपल्या विषाणूला तेच हवं.

काही वर्षांत हा प्रकार जवळपास दिसेनासा झाला. कारण? आया. १९७८ मध्ये बहुतेक आयांच्या अंगात पार्व्होच्या अँटीबॉडी नव्हत्या, त्यामुळे पिल्लांना काही मिळत नव्हतं. नंतर आजारातून वाचलेल्या किंवा लस घेतलेल्या आया चिकाच्या दुधातून पिल्लांना अँटीबॉडी द्यायला लागल्या. तेवढ्याने हृदय वाचलं.

पण इथेच गाठ बसली. आईच्या अँटीबॉडी विषाणूला मारतात, तशाच लसीलाही मारतात! त्या साधारण दर दहा दिवसांनी निम्म्या होतात. वीस दिवसांत पाव, चाळीस दिवसांत सोळावा हिस्सा. मध्ये काही दिवस असे येतात की त्या खऱ्या विषाणूला अडवायला अपुऱ्या असतात, पण लसीला निकामी करायला पुरेशा. कुठल्या पिल्लाचे ते दिवस कधी येतील, हे बघून सांगता येत नाही.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या बेकर इन्स्टिट्यूटमध्ये लेलँड कार्मायकेल, मॅक्स ॲपल आणि त्यांचे सहकारी यावर काम करत होते. सुरुवातीला तर कुत्र्यांना मांजराचीच लस दिली जात होती. विषाणू इतका जवळचा की तिचा थोडाफार उपयोग व्हायचा. मग कुत्र्यांच्या विषाणूपासूनच कमजोर केलेली लस तयार झाली. आईच्या अँटीबॉडीचा हा तिढा त्याच अभ्यासातून मोजला गेला. त्यावरचा तोडगा म्हणजे आजचं वेळापत्रक: सहा ते आठ आठवड्यांना पहिला डोस, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा सोळाव्या आठवड्यात किंवा त्यानंतर. "दोन इंजेक्शनं झालीत की, अजून कशाला?" असं मालक विचारतात, तेव्हा उत्तर हे आहे. आधीचे डोस कदाचित आईनेच खाऊन टाकले असतील.

नियम तिसरा: वेगळी खोली

अमेरिकेत सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचं बेट आहे. राष्ट्रीय उद्यान, वस्ती नाही, कुत्री न्यायला बंदी. १९५८ पासून तिथल्या लांडग्यांचा आणि मूस हरणांचा अभ्यास चालू आहे. १९८० मध्ये तिथे ५० लांडगे होते. १९८२ मध्ये राहिले १४.

अभ्यासकांच्या मते कुणीतरी नियम मोडून कुत्रं नेलं आणि त्याच्यासोबत पार्व्हो बेटावर उतरला. नंतर लांडग्यांच्या रक्तात त्याच्या अँटीबॉडी सापडल्या. विषाणू पुढे ओसरला, पण कळप पुन्हा कधी तेवढा झाला नाही. थोडेच लांडगे उरले, त्यांच्यात नात्यातल्या नात्यात पैदास झाली, आणि २०१६ पर्यंत फक्त दोन लांडगे शिल्लक होते. शेवटी २०१८-१९ मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडावे लागले. एका कुत्र्याला दारात अडवलं नाही, त्याचा हिशोब जवळपास चाळीस वर्षं चालला.

प्राण्यांचा दवाखाना म्हणजे उलट्या बाजूचं बेटच. इथे लस राहिलेली पिल्लं आणि आजारी पिल्लं एकाच बाकावर येऊन बसतात. आणि फक्त कुत्रीच नाही. मूळचा १९७८ चा विषाणू मांजरांना लागत नव्हता, पण वर्षा-दोन वर्षांतच त्याचं नवं व्हर्जन आलं, '२ए'. मग १९८४ च्या सुमारास '२बी', आणि २००० साली इटलीत सापडलेलं '२सी'. ही नवी रूपं मांजरांनाही लागू शकतात. जिथून निघाला होता, त्या घराचा रस्ता त्याला परत सापडला.

हे सगळं केलं कोणी?

प्राण्यांच्या टेक्निशियनचा पहिला कॉलेज अभ्यासक्रम अमेरिकेत १९६१ साली सुरू झाला, न्यूयॉर्क राज्यातल्या डेल्ही नावाच्या गावात. हो, डेल्हीच! तिथल्या पशुवैद्यकांच्या संघटनेने असे अभ्यासक्रम तपासून मान्यता द्यायला १९७३ मध्ये सुरुवात केली. पाचच वर्षांत पार्व्हो आला. 'व्हेटर्नरी टेक्निशियन' हे नावसुद्धा संघटनेने १९८९ मध्ये स्वीकारलं. म्हणजे नावही पक्कं नव्हतं, तेव्हा या पेशाची पहिली पिढी रक्ताच्या जुलाबांनी भरलेल्या पिंजऱ्यांसमोर उभी होती.

विषाणूला थेट मारणारं साधं औषध त्यांच्याकडे नव्हतं, आणि आपल्या बहुतेक दवाखान्यांत आजही नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत एका अँटीबॉडी इंजेक्शनला सशर्त मंजुरी मिळाली, पण जगभर पिल्लू वाचतं ते अजूनही सलाईन, उलटी थांबवणारं औषध, अँटिबायोटिक आणि लवकर सुरू केलेल्या थोड्या थोड्या अन्नावर. शरीराला आपलं अस्तर आणि पांढऱ्या पेशी परत बनवायला काही दिवस हवे असतात. तेवढे दिवस त्याला जिवंत ठेवायचं, हाच उपचार. वेळेवर आणि नीट केला तर बहुतेक पिल्लं वाचतात. सलाईनची सुई निसटली का बघणं, वजन करणं, साखर तपासणं, ओला कपडा बदलणं, हात धुणं, पुन्हा बघणं. डॉक्टर निर्णय घेतात. रात्री तीन वाजता हे करणारा माणूस टेक्निशियन असतो, आणि आपल्याकडे आपण त्याला सरसकट कंपाउंडर म्हणून मोकळे होतो.

भारतात हा आजार १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला नोंदला गेला, आणि आता तो इथे कायमचा मुक्कामाला आहे. आपल्या गल्लीत लस न झालेली पिल्लं दर हंगामात जन्मतात, त्यामुळे त्याला जागेची कमी नाही.

तेव्हा मंडळी, दोन कामं. घरात पिल्लू असेल तर आत्ता त्याचं लसीचं कार्ड काढा आणि शेवटच्या डोसची तारीख बघा. सोळाव्या आठवड्याच्या आधीची असेल तर डॉक्टरांना फोन करा. आणि हा भाग त्या एका मित्राला पाठवा जो म्हणतो, "आमचं कुत्रं बाहेर जातच नाही, त्याला कशाला लस?" त्याला फक्त विचारा, तू बूट दाराबाहेर काढतोस की घरात?

भेटूया पुढच्या भागात.