लाल कुंचीची कुळकथा

तान्ह्या बाळाची कुंची हातात घेऊन बघा. डोकं, कान, मान झाकून कापड पाठीवर उतरतं आणि हनुवटीखाली बंद बांधले की वारं कुठून शिरत नाही. उरलेल्या खणाची, काठाला लेस लावलेली ही कुंची बहुतेक घरांत आजीच शिवते. लांडग्याच्या गोष्टीतल्या त्या मुलीला आपण लाल टोपीवाली म्हणतो, पण तिच्या डोक्यावर जे होतं ते टोपीपेक्षा कुंचीच्याच जातीचं. फ्रेंचमध्ये त्याला ‘शापरों’ म्हणतात. तेही आजीनंच हौसेनं करून दिलेलं.

ही लाल कुंची आजच्या कादंबऱ्यांत आणि चित्रपटांत पुन्हा पुन्हा दिसते, अगदी अंतराळयानांच्या जगातही. परीकथा अशी नव्यानं लिहिली गेली की एक तक्रार हमखास कानावर येते : मूळ गोष्टीची मोडतोड केली. मला ती तक्रार पटत नाही. का पटत नाही, ते या कुंचीचा माग काढत गेलं की उमगतं.

माग पार ११व्या शतकात पोचतो. आजच्या बेल्जियममधल्या लिएज शहरात एग्बर्ट नावाच्या शिक्षकानं १०२०च्या दशकात विद्यार्थ्यांसाठी ‘फेकुंदा रातिस’ हा लॅटिन पद्यसंग्रह रचला. ‘भरलेलं गलबत’ असा त्या नावाचा अर्थ. त्यात पाच वर्षांची एक मुलगी आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्यानं दिलेला लाल लोकरी अंगरखा तिच्या अंगात आहे. लांडगा तिला उचलून नेतो आणि पिल्लांपुढे टाकतो. पण पिल्लं तिला फाडत नाहीत, तिचं डोकं चाटू लागतात. ती मात्र अंगरखा फाटू नये म्हणून त्यांनाच दटावते. आजी किंवा टोपली या गोष्टीत नाही. मुलगी, लांडगा आणि लाल वस्त्र मात्र आहेत, आणि ते वस्त्र धर्माच्या आशीर्वादासारखं पोरीची राखण करतं.

दुसरा धागा शेतकऱ्यांच्या घरांतला. फ्रान्सच्या निव्हर्ने भागात आशिल मिलियाँ यांनी १९व्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांच्या तोंडून गोष्टी टिपून घेतल्या. त्यातली आजीची गोष्ट पॉल दलारू या अभ्यासकानं २०व्या शतकाच्या मध्यावर प्रसिद्ध केली. तिच्यात लाल काहीच नाही. मुलगी भाकरी आणि दूध घेऊन आजीकडे निघते. दोन वाटा फुटतात तिथे लांडगामाणूस भेटतो आणि विचारतो, सुयांच्या वाटेनं जाणार की टाचण्यांच्या? तो पुढे जाऊन आजीला मारतो आणि अंथरुणात शिरतो. मुलगी आली की तिला एकेक कपडा उतरवून आगीत टाकायला लावतो, आता त्याची तुला गरज नाही म्हणतो. ती त्याच्या शेजारी आडवी होते. त्याच्या अंगावरचे केस, नखं, कान बघून तिला सगळं कळतं. मग ती म्हणते, मला बाहेर जाऊन यायचंय. तो तिच्या पायाला लोकरीचा दोर बांधून तिला सोडतो. अंगणात आलुबुखारचं झाड असतं. दोराचं टोक त्या झाडाला बांधून पोर पळ काढते. तो पाठलाग करतो, पण तो पोचेपर्यंत ती घरात शिरलेली असते.

पायातला दोर सोडवून झाडाला बांधायचा, हे सुचायला डोकं थंड लागतं. सूत, सुया, टाचण्या रोज हाताळणाऱ्या मुलीचं ते डोकं आहे. आपल्या भोपळ्यातल्या म्हातारीची ती सख्खी नात शोभेल. ही गोष्ट उशिरा टिपली गेली, तरी तिचा गाभा जुना असल्याचं लोककथेचे बरेच अभ्यासक मानतात.

१६९७मध्ये शार्ल पेरो यांचा परीकथांचा संग्रह पॅरिसमध्ये छापला गेला. पेरो चौदाव्या लुईच्या कारभारात मोठ्या हुद्द्यावर राहिलेले, फ्रेंच अकादमीचे सदस्य. त्यांच्या कथेत लाल शापरों आलं. मुलीला ते इतकं शोभलं की गावानं तिचं नावच तसं पाडलं. पण कुंची मिळाली आणि अक्कलहुशारी गेली. पेरोंची मुलगी लांडग्याशी गप्पा मारते, फुलं तोडते, अंथरुणात शिरते आणि खाल्ली जाते. गोष्ट तिथेच संपते. खाली पद्यात तात्पर्य येतं : देखण्या मुलींनी परक्याचं ऐकू नये, गोडबोले लांडगे सगळ्यांत वाईट. दरबारी वाचकांना कोणते लांडगे ते समजत होतं. राखण करणारं लाल वस्त्र इथे मुलीला नजरेत भरवणारं झालं, आणि दोष तिच्या माथी आला.

शब्दाचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. १७२९मध्ये रॉबर्ट सँबर यांनी इंग्रजी भाषांतर केलं तेव्हा शापरोंचं ‘रायडिंग हूड’ झालं, म्हणजे बायकांचं प्रवासात पांघरायचं वस्त्र. पण शापरों हा शब्द इंग्रजीत वेगळ्या वाटेनंही आला. कुंची चेहरा राखते, तशी अविवाहित मुलीची राखण करत सोबत जाणारी वडीलधारी बाई, ती ‘शॅपरोन’. आपल्याकडे सासरी निघालेल्या नव्या नवरीबरोबर पाठराखीण धाडत, तशीच काहीशी. या गोष्टीतल्या पोरीबरोबर मात्र कोणी नाही. पाठराखिणीचं नाव तेवढं तिच्या डोक्यावर बांधलं आहे.

१८१२मध्ये ग्रिम बंधूंनी ही गोष्ट जर्मनमध्ये छापली. ती सांगणाऱ्या कासेलच्या हासेनफ्लुग घराण्याचं आजोळ फ्रान्समधून परागंदा झालेल्या प्रोटेस्टंटांचं होतं, म्हणून गोष्ट फ्रेंच वळणाची. शापरोंची लाल मखमली टोपी झाली. वाट सोडू नकोस असं आईनं बजावलं, आणि लांडग्याचं पोट फाडून आजी-नात दोघींना सोडवणारा शिकारी आला. मात्र त्याच पानांवर दुसरा शेवटही आहे. पुढे आणखी एक लांडगा येतो, तेव्हा आजी-नात मिळून सॉसेज उकडलेलं पाणी दाराबाहेरच्या डोणीत भरतात. वासानं लांडगा छपरावरून घसरतो आणि बुडून मरतो. हा शेवट चित्रांच्या पुस्तकांतून गळाला, शिकारी तेवढा राहिला.

आता नव्या कथांकडे बघा. १९७९मध्ये अँजेला कार्टर यांच्या ‘द ब्लडी चेंबर’ या संग्रहात ‘द कंपनी ऑफ वुल्व्ह्ज’ ही कथा आली. तिच्यावरून नील जॉर्डन यांनी १९८४मध्ये चित्रपट केला. कार्टर यांची मुलगी आजीनं विणलेली लाल शाल स्वतः आगीत टाकते आणि लांडग्याच्या तोंडावर हसते. तिला भीतीनं काहीच साधणार नाही, हे कळलेलं असतं. ती आग निव्हर्नेच्या घरातलीच. तिथे लांडगामाणूस हुकूम सोडत होता, इथे निर्णय मुलीचा आहे. मारिसा मायर यांच्या २०१३च्या ‘स्कार्लेट’मध्ये काळ भविष्यातला आहे. फ्रान्समधल्या शेतावरची भाजी पोचवणारी मुलगी लाल हूडी घालते आणि जवळ पिस्तूल बाळगते. तिची आजी अंतराळयानाची वैमानिक होती. ती बेपत्ता झाल्यावर नातच तिच्या शोधाला निघते, सोबतीला वुल्फ नावाचा तरुण.

या लेखिकांनी मुलीला जे दिलं ते नवं नाही. आलुबुखारच्या झाडाला दोर बांधणाऱ्या पोरीपाशी ते होतंच. मधल्या काळात ते तिच्याकडून काढून घेतलं गेलं, पेरोंनी तात्पर्यासाठी, ग्रिमांनी शिकाऱ्यासाठी. म्हणून मला नवं कथन मोडतोड वाटत नाही, फेड वाटते.

घराघरांत कुंची जुनी झाली म्हणून कोणी टाकून देत नाही. धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवतात. घरात पुन्हा पाळणा हलला की ती बाहेर निघते, विरलेले बंद बदलले जातात, आणि ती नव्या डोक्यावर बसते. लाल कुंचीचे बंद आजवर बऱ्याच हातांनी बदलले. आता ते बांधायचे कसे आणि सोडायचे कधी, हे जिच्या डोक्यावर ती आहे तिच्या हातात आलं आहे.