कोळशाच्या टेकूची कुळकथा

मराठवाड्यातल्या लोहा तालुक्यात कोळशाची खाण नाही. तरी इथल्या विहिरीवरची मोटर, पिठाची गिरणी आणि घरातला पंखा बहुतांशी कोळशाच्याच जोरावर फिरतात. या कोळशाला सरकारी तिजोरीचा टेकू कसा मिळत गेला, याची कथा फार दूर सुरू होते.

१९२५ साली ब्रिटनमध्ये कोळशाची निर्यात घसरली. खाणमालकांनी मजुरी कापायचं जाहीर केलं आणि कामगार संपाच्या तयारीला लागले. तेव्हा पंतप्रधान बाल्डविन यांच्या सरकारने नऊ महिन्यांसाठी मजुरीतली तूट भरून दिली. खर्च आला सुमारे २.३ कोटी पौंड. एप्रिल १९२६ अखेर मदत थांबली आणि मे महिन्यात देशभर सार्वत्रिक संप झाला. खाणकामगार पुढेही कित्येक महिने झुंजले. शेवटी जास्त तास आणि कमी मजुरी पत्करून खाणीत उतरले. मुदत ठरली होती, पण त्यानंतर या माणसांचं काय, हे कुणी ठरवलं नव्हतं.

जर्मनीने वेगळी वाट धरली. १९७५ पासून प्रत्येक वीजबिलावर ‘कोळसा फेनिग’ नावाचा अधिभार लागला. तो पैसा देशी दगडी कोळसा जाळणाऱ्या वीजकेंद्रांना मिळे. अधिभार थेट ग्राहकाच्या बिलावर होता, म्हणून वाद न्यायालयात गेला. १९९४ साली घटना न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. पुढे मदत अर्थसंकल्पातून चालू राहिली, पण २००७ साली शेवटची तारीख ठरली आणि डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रॉप इथली देशातली अखेरची दगडी कोळशाची खाण बंद झाली. मधली अकरा वर्षं कामगारांच्या लवकर निवृत्तीची आणि बदल्यांची सोय करण्यात गेली.

आपल्याकडे १९७३ साली खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, १९७५ साली कोल इंडिया आली. इथे टेकू अनुदान म्हणून आला नाही. तो सरकारी भांडवलात आणि सरकारने ठरवलेल्या भावात मुरला. भावावरचं नियंत्रण पूर्णपणे उठलं ते २००० साली. २०१० मध्ये उलट कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर बसला, तो २०१६ पर्यंत ४०० झाला. हेतू स्वच्छ ऊर्जेचा होता. २०१७ नंतर तो पैसा राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला.

मराठवाड्यात मात्र टेकूचं आणखी एक रूप आहे: पाणी. परळीचं औष्णिक केंद्र १९७१ पासूनचं. दुष्काळी मुलखातलं पाणी त्याच्या बॉयलरला दिलं गेलं, आणि २०१५ साली पाणीच उरलं नाही म्हणून संच बंद ठेवावे लागले. या पाण्याचं खरं मोल वीजदरात धरलं जात नाही.

म्हणून मागणी साधी आहे. कोळशाला पैसा, पाणी, सवलत काहीही द्या, पण ते हिशेबात उघड मांडा आणि त्याला मुदत घाला. मुदत संपण्याआधी चंद्रपूरच्या खाणकामगाराची आणि परळीच्या कंत्राटी मजुराची सोय लावा. जर्मनीला अकरा वर्षं लागली. आपल्याला जास्त लागतील, म्हणून सुरुवात आजच हवी.