चाकांवरची घरे आणि मूळ प्रतीचा प्रश्न

जतन करण्याजोगे काय, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा वस्तूच्या टिकाऊपणावरूनच देत आलो आहोत. दगड टिकतो म्हणून शिलालेख वाचता येतात. तांबे टिकते म्हणून ताम्रपट हाती लागतात. ज्या वस्तू मुळात टिकण्यासाठी घडवलेल्याच नव्हत्या त्यांचे काय करायचे, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासात क्वचितच विचारला जातो. युरोप-अमेरिकेतील जुन्या, वजनाला हलक्या कॅराव्हॅन शोधून त्या पुन्हा उभ्या करणाऱ्या संग्राहकांच्या उद्योगाकडे आमचे लक्ष गेले ते याच प्रश्नामुळे. कॅराव्हॅन म्हणजे मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यायचे छोटे घर. दोन-चार माणसांच्या झोपण्याची सोय, एक शेगडी, भांडी धुण्यापुरते बेसिन आणि काही खिडक्या, एवढाच तिचा संसार. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयात का शिरावे, असे वाचकाला वाटेल. संबंध आहे, आणि तो 'मूळ प्रत' या कल्पनेशी आहे.

हौसेने फिरण्यासाठी मुद्दाम बांधून घेतलेली पहिली कॅराव्हॅन म्हणून जिचा उल्लेख होतो ती मात्र हलकी नव्हती. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हे ब्रिटिश आरमारातून निवृत्त झालेले स्कॉटिश डॉक्टर आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणारे लेखक. त्यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील एका गाडी-कारखान्याकडून 'वाँडरर' नावाचे फिरते घर बांधून घेतले. मॅहॉगनी आणि मेपलच्या लाकडाची ही गाडी सामानासह जवळजवळ दोन टन भरत असे. ती ओढायला दोन घोडे, हाकायला गाडीवान आणि पुढे तीनचाकी सायकलवर सेवक. त्याच वर्षी स्टेबल्स या घरातून इंग्लंडच्या दक्षिणेकडील ट्वायफर्डपासून स्कॉटलंडमधील इन्व्हरनेसपर्यंत गेले आणि पुढच्या वर्षी त्यांनी या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले. स्वतःला ते मोठ्या अभिमानाने 'जंटलमन जिप्सी' म्हणवून घेत. या दोन शब्दांच्या जोडीकडे आपल्याला शेवटी परत यावे लागणार आहे.

वजनाचा प्रश्न उभा राहिला तो घोड्याची जागा मोटारीने घेतल्यावर. बर्मिंगहॅमच्या एक्लेस कंपनीने १९१९ मध्ये मोटारीमागे जोडायच्या कॅराव्हॅन विक्रीसाठी बनवण्यास प्रारंभ केला. त्या काळच्या मोटारींचे बळ बेताचे. तेव्हा घरातले जे-जे कमी करता येईल ते कमी करणे हाच पुढील अर्धशतकाचा ध्यास झाला. जर्मनीत इस्नी या गावी चाबूक आणि स्कीच्या काठ्या बनवणाऱ्या घराण्यातील आरिस्ट डेथलेफ्स यांनी १९३१ मध्ये एक 'राहती मोटार' तयार केली. विक्रीसाठी त्यांना सतत फिरावे लागे, आणि त्यांची सहचरी फ्रीडल एडेलमान ही चित्रकार होती. सोबत राहता यावे आणि तिला चित्रेही काढता यावीत, हा हेतू. अमेरिकेत हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याला रिव्हेट मारून कॅराव्हॅन घडवली. बोलस मूळचे ग्लायडर बनवणारे. लिंडबर्ग यांनी १९२७ मध्ये ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्या विमानाच्या बांधणीवर त्यांची देखरेख होती. बोलस यांचा धंदा फार काळ चालला नाही. पण त्यांची रचना वॉली बायम यांनी उचलली आणि त्यातून १९३६ ची एअरस्ट्रीम 'क्लिपर' निघाली. आपले घर किती हलके आहे हे दाखवण्यासाठी याच कंपनीने १९४७ मध्ये आल्फ्रेड लेतुर्नर या फ्रेंच सायकलपटूकडून एक अख्खी कॅराव्हॅन सायकलने ओढवून घेतली. तो सायकलस्वार पुढे कंपनीची ओळखच होऊन बसला.

हलकेपणाची विद्या विमानविद्येकडून आली, ही गोष्ट जर्मनीच्या एका उदाहरणात फार तीव्रपणे दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस वाल्डझे या गावी एरिख बाखेम यांच्या कारखान्यात 'नाटर' नावाचे रॉकेट-विमान तयार होत होते. सांगाडा बहुतांशी लाकडाचा, जोडणी कमी कसबी कामगारांनाही जमेल अशी; उभ्या मनोऱ्यावरून ते वर सोडायचे, मारा झाल्यावर वैमानिकाने हवाई छत्रीने उतरायचे आणि विमानाचा बराचसा भाग टाकून द्यायचा, अशी कल्पना. १ मार्च १९४५ रोजी माणसासह झालेल्या पहिल्या उभ्या उड्डाणात लोथार झीबर हा वैमानिक मृत्युमुखी पडला. याच बाखेम यांनी बारा वर्षांनंतर, १९५७ मध्ये, त्याच गावातील हायमर यांच्या कार्यशाळेत एर्विन हायमर यांच्याबरोबर एक लहानशी कॅराव्हॅन बनवली: पोलादी नळ्यांचा सांगाडा, वर पातळ पत्रा, आणि मुक्कामाला आल्यावर उचलता येणारे छत. 'एरिबा' हे तिचे नाव एरिख बाखेम या नावाच्या आद्याक्षरांतूनच आले. एकदाच वापरून टाकायच्या विमानाची आणि कुटुंबाच्या सुटीची गाडी एकाच मेंदूतून निघावी, हा विसाव्या शतकाचा स्वभावच म्हणायचा. आज त्याच गावी, म्हणजे बाड वाल्डझे येथे, २०११ पासून कॅराव्हॅनचे मोठे संग्रहालय उभे आहे.

ब्रिटनमध्ये युद्धानंतर सॅम आल्पर यांनी 'स्प्राइट' या नावाच्या स्वस्त आणि हलक्या कॅराव्हॅन बाजारात आणल्या. कारकून, शिक्षक, कारागीर यांच्या कुटुंबांना परवडणारे समुद्रकाठचे आठ दिवस या गाड्यांनी शक्य केले. पण या स्वस्ताईची किंमत गाडीच्या अंगात लपलेली होती. आत साध्या लाकडाच्या पट्ट्यांची चौकट, बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून हार्डबोर्ड किंवा प्लायवुड आणि सांध्यांना चिकट लांबी. काही वर्षांनी लांबी वाळते, तिला भेगा पडतात, पावसाचे पाणी सांध्यांतून आत झिरपते आणि पत्रा व पाटी यांच्यामधली चौकट कुजू लागते. बाहेरचा पत्रा मात्र चकाकतच राहतो. अशा गाड्या हजारोंनी बनल्या आणि हजारोंनी नाहीशा झाल्या. कोणी शेताच्या कडेला कोंबड्या ठेवायला वापरली, कोणी अवजारे ठेवायला. उरलेल्या मोडीत गेल्या. त्यांची आजची दुर्मीळता ही त्यांच्या श्रेष्ठत्वाची खूण नव्हे. त्या सामान्य होत्या, म्हणून कोणी त्यांना सांभाळले नाही. उलट कॅनडात विनिपेग येथे १९६८ मध्ये रे ओलेको यांनी काढलेली 'बोलर' पाहा. फायबरग्लासची मैलाटाकी बनवण्याच्या अनुभवातून त्यांना सुचलेली ही गाडी दोन अर्ध्या साच्यांत ओतून मध्ये जोडलेली, सुमारे चारशे किलो वजनाची. तिच्या भिंतींत कुजायला लाकडी चौकटच नाही, म्हणून आजही ती रस्त्यावर भेटते.

आता संग्राहकाच्या कामाकडे येऊ. अनेक वर्षे झाडीत पडलेली स्प्राइट घरी आणली, की पहिले काम पत्रा उतरवण्याचे. खिडक्यांच्या चौकटी, कडेच्या पट्ट्या आणि शेकडो गंजलेले स्क्रू काढल्यावर आतली चौकट दिसते. पुष्कळदा तिचा भुसा झालेला असतो. तरीही तो भुसा एकदम झाडून टाकायचा नसतो. कुजलेल्या तुकड्यांची मापे घ्यायची, त्यांवरून नमुने कापायचे, जुने खाचे जसेच्या तसे उतरवायचे. मूळ रंग कोणता, हे एखाद्या कडीखाली किंवा रबराच्या पट्टीआड उरलेल्या बोटभर जागेवरून ठरवायचे. सांगाड्यावरची क्रमांकाची पट्टी, कंपनीची जुनी माहितीपत्रके, जाहिराती आणि कुणाच्या तरी सुटीतले कृष्णधवल छायाचित्र यांचा मेळ घालायचा. पुराव्यांत विरोध आला, तर कोणता पुरावा ग्राह्य हे ठरवायचे.

संहिताचिकित्सा शिकलेल्या वाचकाला ही सारी पद्धत ओळखीची वाटेल. उपलब्ध प्रती जमवणे, त्यांचा कालक्रम लावणे, प्रक्षिप्त भाग वेगळा काढणे आणि गळालेला पाठ संदर्भावरून भरणे, हेच तर हे काम. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. पुढे १९०९ मध्ये राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून एक निराळी प्रत छापली, आणि शुद्ध केलेली संहिता मूळ मानायची की तिच्याही मागे जायचे, हा वाद आपल्याकडे रुजला. कॅराव्हॅनच्या संग्राहकांतही हे दोन पंथ दिसतात. गाडी कारखान्यातून बाहेर पडली त्या दिवशी जशी होती तशी ती करायची, असे एका पंथाचे म्हणणे. दुसरा पंथ विचारतो, की मधल्या साठ वर्षांत एखाद्या कुटुंबाने बसवलेले फडताळ, मुलांची उंची मोजताना दारावर ओढलेल्या रेघा, दोनदा बदललेले पडदे, हे सारे पुसून आपण कोणता इतिहास जपतो? प्रक्षेप म्हणून जे काढून टाकायचे, तेच कदाचित त्या गाडीचे खरे चरित्र असते.

यात एक पेच असा आहे, की तो आमच्या मते संहितेच्या पेचाहून कठीण आहे. ग्रंथाचा कागद बदलला तरी ग्रंथ तोच राहतो. वस्तूचे तसे नाही. चौकट नवी, प्लायवुड नवे, लांबी नवी, चाके नवी, सुरक्षेसाठी गॅसची नळी आणि दिव्यांच्या तारा नव्या. मग जुने काय उरले? पुढची गोष्ट याहून गंमतीची. पुन्हा कुजू नये म्हणून चौकटीला अधिक भरभक्कम लाकूड वापरले जाते, पाटीला जाड प्लाय येते, आत फ्रीज आणि बॅटरी बसते. आणि ज्या हलकेपणामुळे ती गाडी जन्माला आली तो हलकेपणाच निघून जातो. गाडी वाचते, तिचे तत्त्व हरवते. 'जीर्णोद्धार' हा शब्द आपल्याकडे देवळांसाठी वापरतात. काळ्या पाषाणावर ऑइलपेंट चढवलेली देवळे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना उद्धाराची ही जातही समजावून सांगावी लागणार नाही.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजू पाहिल्यावाचून हा विचार पुरा होत नाही. 'जंटलमन जिप्सी' होऊन स्टेबल्स ज्या १८८०च्या दशकात हौसेने रस्त्यावर उतरले, त्याच दशकात कोलव्हिलचे जॉर्ज स्मिथ हे सुधारक, फिरत्या घरांत राहणाऱ्यांची नोंदणी आणि तपासणी करणारा कायदा व्हावा म्हणून ब्रिटिश संसदेमागे लागले होते. चाकांवरचे घर ही एकाची हौस, दुसऱ्याचा गुन्हा. या प्रयत्नांतून कायदा झाला नाही. पण १९६० च्या कायद्याने कॅराव्हॅनच्या तळांना परवाना आवश्यक केला आणि सार्वजनिक माळांवर कॅराव्हॅन उभ्या करण्यास मनाई करण्याचा अधिकार स्थानिक संस्थांना दिला. रोमा आणि अन्य भटक्या लोकांच्या थांबण्याच्या कित्येक जुन्या जागा त्यामुळे बंद झाल्या. याच कायद्यात हौशी मंडळांना मात्र सवलत होती. मान्यताप्राप्त संस्थेने प्रमाणित केलेल्या जागेवर तिच्या सभासदांच्या पाच कॅराव्हॅनपर्यंत परवाना लागत नसे. भटक्यांसाठी तळ पुरवण्याचे बंधन स्थानिक संस्थांवर १९६८ च्या कायद्याने आले. १९९४ मध्ये तेही काढून घेतले गेले. संग्राहकाच्या अंगणातील चकचकीत स्प्राइटकडे पाहताना तिच्यासारखीच एखादी गाडी कोणाचे तरी एकमेव घर होती, आणि तिला उभे राहायला जागा नव्हती, हे विसरून चालत नाही.

ब्रिटनमधील रोमांची घोड्याची गाडी म्हणजे 'वार्डो'. कोरीव काम केलेल्या, सोनेरी वर्खाच्या जुन्या वार्डो आज संग्रहालयांत मानाने ठेवलेल्या दिसतात. पण त्या फार थोड्या उरल्या. त्याचे एक कारण त्या लोकांच्या रूढीत आहे. मालक मरण पावला की त्याची गाडी आणि त्याच्या वस्तू जाळून टाकायच्या, असा त्यांचा परिपाठ होता. आयुष्यभर मेहनतीने सजवलेले घर त्या माणसाबरोबर संपते. ते दुसऱ्याने वापरायचे नाही, विकायचे नाही, मिरवायचे तर नाहीच. रोमा भाषेत अग्नीला 'याग' म्हणतात. आपली 'आग' आणि त्यांची 'याग' या एकाच 'अग्नी'च्या लेकी. शेकडो वर्षांपूर्वी हे लोक भारतातून निघाले तेव्हा हा शब्द बरोबर घेऊन गेले. घर जाळणाऱ्यांनी शब्द टिकवला.

संग्राहकांनी हात आखडता घ्यावा, असे आम्हांला म्हणायचे नाही. सामान्य माणसाच्या सुटीचा पुरावा राजवाड्यांच्या आणि तोफांच्या इतिहासात सापडत नाही. तो या कुजलेल्या चौकटींतच सापडतो, आणि तो वाचवणारी माणसे इतिहासाचेच काम करत आहेत. आमची अपेक्षा एवढीच, की चांगल्या संपादकाने जी शिस्त पाळायची ती त्यांनीही पाळावी. काय मूळचे, काय आपण घातले, काय काढले आणि का काढले, याची नोंद गाडीबरोबर राहिली पाहिजे. कुजलेला एखादा तुकडा तरी कपाटात जपून ठेवला पाहिजे. आणि या गाडीला रस्त्याच्या कडेला उभे राहण्याची मुभा होती की नव्हती, तेही त्या नोंदीत लिहिले गेले पाहिजे. पाठभेदांवाचून छापलेली संहिता कितीही सुबक असली तरी अभ्यासकाच्या उपयोगाची नसते.