मुंबईतील प्रीमियर पद्मिनी टॅक्सीचे इंजिन-रूपांतर

मुंबईतील काळ्या-पिवळ्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सींच्या इंजिनांमध्ये विसाव्या शतकाच्या अखेरीस दोन प्रकारचे बदल केले गेले. पहिल्या प्रकारात मूळ पेट्रोल इंजिन काढून त्या जागी डिझेल इंजिन बसवले जाई. दुसऱ्या प्रकारात मूळ इंजिन कायम ठेवून ते संपीडित नैसर्गिक वायूवर, म्हणजेच सीएनजीवर, चालेल असे केले जाई. मोटारशास्त्रात पहिल्यास इंजिन-बदल आणि दुसऱ्यास इंजिन-सुधारणा म्हणता येईल. टॅक्सीमालकाच्या दृष्टीने हा रोजच्या इंधनखर्चाचा प्रश्न होता, तर शहराच्या दृष्टीने हवेचा. यांपैकी सुधारणेचा मार्ग अखेर टिकून राहिला.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली. कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ला येथे होता. इटलीतील फियाट कंपनीच्या परवान्याने १९६४ पासून तेथे 'फियाट ११०० डिलाइट' ही मोटार तयार होऊ लागली. १९७० च्या दशकात तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले, तरी मुंबईकरांच्या बोलण्यात ती शेवटपर्यंत 'फियाट'च राहिली. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घनसेंटिमीटर क्षमतेचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे होते. इंजिन पुढे व चालक चाके मागे, चार गतींची गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगच्या दांड्यालगत गिअरचा दांडा अशी तिची रचना होती.

माहीम आणि शीव यांच्या दक्षिणेस ऑटोरिक्षांना परवानगी नाही. त्यामुळे गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत बस व लोकल यांखेरीज सामान्य माणसाला भाड्याने मिळणारे वाहन म्हणजे टॅक्सीच. दादर स्थानकावर सामानासह उतरलेले प्रवासी, तसेच परळच्या केईएम व टाटा रुग्णालयांत येणारे रुग्ण यांचा मोठा भार या टॅक्सींवर असे. दाटीच्या रस्त्यांवर पुन्हापुन्हा थांबत, इंजिन चालू ठेवून उभे राहत दिवसभर धावणाऱ्या या गाड्यांना पेट्रोलचा खर्च जड जाई.

इंजिन-बदल : पेट्रोलऐवजी डिझेल

१९९० च्या दशकात डिझेलची किंमत पेट्रोलच्या तुलनेत बरीच कमी होती. शिवाय डिझेल इंजिनात प्रज्वलन ठिणगीने न होता दाबाखाली तापलेल्या हवेने होते. त्यात संपीडनाचे गुणोत्तर जास्त असते आणि इंजिन रिकामे चालू असताना इंधन फारच कमी लागते. शहरातील थांबत-थांबत चालणाऱ्या वाहतुकीत हा फरक मोठा ठरतो. या कारणांमुळे अनेक टॅक्सीमालकांनी मूळ इंजिन उतरवून डिझेल इंजिन बसवून घेतले. प्रीमियर कंपनीनेही त्या दशकात '१३७-डी' ही पद्मिनीची डिझेल आवृत्ती बाजारात आणली.

इंजिन बदलल्यावर केवळ तेवढाच भाग बदलून काम भागत नाही. त्याच्याशी जोडलेले पुढील घटकही तपासावे लागतात :

• इंजिनाचे आधार आणि गिअरबॉक्सशी होणारा सांधा नव्या इंजिनाच्या मापाशी जुळले पाहिजेत.
• डिझेल इंजिनाचे वजन अधिक असल्याने पुढील स्प्रिंगांवरील व ब्रेकवरील भार वाढतो.
• अधिक संपीडनामुळे इंजिन फिरवण्यास जास्त शक्तीचा स्टार्टर व मोठी बॅटरी लागते.
• डिझेल इंजिन कमी फेऱ्यांवर काम करते. त्यामुळे गिअरांची मूळ गुणोत्तरे त्याला अनुरूप असतीलच असे नाही.
• कंपने वाढतात. पद्मिनीला वेगळी चौकट नसून सांगाडा व कवच एकसंध असल्याने ती थेट पत्र्याच्या सांध्यांपर्यंत पोचतात.

यांपैकी जे दुर्लक्षिले जाई, ते पुढे क्लच, स्प्रिंग किंवा पत्रा यांच्या दुरुस्तीच्या रूपाने पुढे येई. सर्वांत मोठा तोटा मात्र गाडीबाहेर होता. जुन्या व नीट देखभाल नसलेल्या डिझेल इंजिनांचा काजळीयुक्त धूर चाळींच्या गॅलऱ्यांत आणि पदपथांवर पसरत असे.

इंजिन-सुधारणा : मूळ इंजिन, नवे इंधन

महानगर गॅस लिमिटेड ही कंपनी १९९५ साली स्थापन झाली आणि त्यानंतरच्या काळात मुंबईत सीएनजी पंप सुरू होऊ लागले. सीएनजीसाठी मूळ इंजिन बदलावे लागत नाही. डिकीत बसवलेल्या पोलादी टाकीत वायू सुमारे २०० बार दाबाखाली साठवला जातो. दाब कमी करणाऱ्या नियामकातून तो कार्ब्युरेटरवरील मिश्रकात येतो व हवेत मिसळून सिलिंडरात शिरतो. दाब उतरताना वायू थंड होतो, म्हणून इंजिनाचे गरम पाणी नियामकाभोवती फिरवले जाते. चालकासमोरील बटणाने गाडी पेट्रोलवरही चालवता येते.

या पद्धतीच्याही मर्यादा आहेत. वायू सिलिंडरातील हवेची काही जागा व्यापतो, त्यामुळे तेच इंजिन सीएनजीवर काहीशी कमी शक्ती देते. केम्प्स कॉर्नर किंवा मलबार हिलच्या चढावर भरलेली टॅक्सी मंद होई ती यामुळे. मिथेनची ज्योत सावकाश पसरते, म्हणून ठिणगीची वेळ थोडी अलीकडे आणावी लागते. शिसेयुक्त पेट्रोल जळताना झडपांच्या बैठकींवर शिशाचा संरक्षक थर बसत असे. सीएनजीत तसा थर मिळत नसल्याने जुन्या इंजिनांत कठीण धातूच्या बैठकी बसवणे हिताचे ठरते. सिलिंडर झिजले असल्यास ते बोअर करून मोठ्या मापाचे दट्टे घालणेही आवश्यक होते. थकलेल्या इंजिनावर केवळ सीएनजी संच चढवल्याने त्याचे आयुष्य वाढत नाही.

टाकीमुळे डिकीची जागा गेली आणि प्रवाशांचे सामान टपावरील कॅरिअरवर चढले. सुरक्षिततेसाठी या टाकीची दर तीन वर्षांनी दाबचाचणी करणे बंधनकारक आहे.

न्यायालय आणि कायदा

वाहनांच्या धुरामुळे होणाऱ्या प्रदूषणाविरुद्ध 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या नागरिकांच्या संस्थेने १९९९ साली मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्यानंतर २००१ मध्ये न्यायालयाने जुन्या टॅक्सी स्वच्छ इंधनावर आणाव्यात अथवा रस्त्यावरून काढाव्यात, अशा आशयाचे आदेश दिले. यामुळे डिझेल इंजिन-बदलाचा मार्ग आक्रसला आणि सीएनजी हीच टॅक्सीची रीत बनली.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्येही दोन्ही मार्गांत भेद केलेला आहे. २००० साली दुरुस्ती झालेल्या या कलमानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. मात्र मान्यताप्राप्त संच बसवून वाहन सीएनजी, एलपीजी किंवा बॅटरी यांवर चालवण्यास विहित अटींवर मुभा आहे. इंजिन बदलण्यासाठी नोंदणी प्राधिकाऱ्याची मान्यता लागते. मूळ तपशील बदलणारे फेरफार करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात पुन्हा स्पष्ट केले.

अन्य वाहनांशी तुलना

हाच पेच जगभरातील मोटारशौकिनांपुढे रोटरी इंजिनाच्या संदर्भात उभा राहतो. जर्मन अभियंते फेलिक्स वांकेल यांच्या कल्पनेवर आधारित या इंजिनात वरखाली जाणाऱ्या दट्ट्यांऐवजी त्रिकोणी घूर्णक फिरतो. जपानच्या माझदा कंपनीने १९७८ ते २००२ या काळात बनवलेली 'आरएक्स-७' ही स्पोर्ट्‌स कार या इंजिनासाठी प्रसिद्ध आहे. घूर्णकाच्या टोकांवरील सील झिजले की संपीडन घटते. अशा वेळी काही मालक सील नवे करून टर्बोचार्जर व शीतन सुधारतात, तर काही जण त्याऐवजी आठ सिलिंडरांचे अमेरिकी इंजिन बसवतात. लहान व हलक्या रोटरी इंजिनाभोवती आखलेल्या त्या गाडीचा समतोल दुसऱ्या मार्गात नव्याने साधावा लागतो. तेथे निर्णय हौसेने होतो, मुंबईत तो उपजीविकेने आणि नंतर न्यायालयाने केला. गाडीचा प्रत्येक भाग मूळ इंजिनाशी बांधलेला असतो, ही अडचण दोन्हीकडे सारखीच आहे.

अखेर

नव्या शतकाच्या आरंभी पद्मिनीचे उत्पादन थांबले. राज्य शासनाने टॅक्सींचे कमाल आयुर्मान २००८ मध्ये २५ वर्षे आणि २०१३ मध्ये २० वर्षे असे ठरवले. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव येथील प्रादेशिक परिवहन कार्यालयात नोंदवली गेली होती. तिची २० वर्षे पूर्ण झाल्यावर, ३० ऑक्टोबर २०२३ पासून या टॅक्सी रस्त्यावरून कायमच्या गेल्या. वयाची मर्यादा नोंदणीच्या तारखेवरून मोजली जात असल्याने इंजिन कितीही चांगले राखले असले, तरी त्याचा उपयोग झाला नाही.