बम बम भोले, आणि शेंगदाणे कुणाकडे आहेत?

रविवार, २८ ऑगस्ट १९८३. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर त्र्यंबकच्या जादा गाड्या लागल्यात आणि तुम्ही खिडकीतून रुमाल टाकून जागा धरताय. उद्या तिसरा श्रावणी सोमवार, ब्रह्मगिरीची फेरी. टोळीतला एक मायको कारखान्यातली पाळी संपवून तसाच आलाय, एकाने घरी ‘देवाला जातो’ एवढंच सांगितलंय आणि बॅटरी ज्याने आणायची तो ती विसरलाय. अंजनेरी मागे पडेपर्यंत लॉर्ड्सची वर्ल्ड कप फायनल पुन्हा खेळून होते. कपिलने पळत जाऊन घेतलेला रिचर्ड्सचा झेल दर वेळी दोन पावलं लांबतो.

कुशावर्तात बुडी, चपला पिशवीत, आणि निघा. डोंगर उजव्या हाताला ठेवायचा, वीसेक किलोमीटर. प्रयागतीर्थापर्यंत सगळेच शूर असतात. पहिन्याच्या अंगाला आलं की चिखल बोटांच्या फटींतून वर येतो, गारगार, आणि त्यात मधूनच एखादा खडा असा लागतो की ‘भोले’तला ‘भो’ तोंडातच राहतो. पाऊस थांबत नाही. पुढच्याच्या पाठीवरची ओली पिशवी दिसते तेवढाच रस्ता.

मध्येच मागचे आवाज तुटतात. बॅटऱ्या नाहीत, शिट्ट्या नाहीत. हे तेरावं शतक आहे. पुढे विठ्ठलपंत, रुक्मिणीबाई आणि चार पोरं हीच फेरी घालतायत. झाडीत वाघ गुरगुरतो, पळापळ होते, आणि थोरला निवृत्ती चुकून एका गुहेत शिरतो. आत गहिनीनाथ बसलेले. नाथपंथाची दीक्षा अशी वाट चुकल्यामुळे ज्ञानोबांच्या घरात आली, असं परंपरा सांगते. टोळीत मागे राहणाऱ्याला आपण उगाच शिव्या घालतो.

“अरे, शेंगदाणे कुणाकडे आहेत?” तुम्ही परत १९८३ मध्ये.

उजाडताना भाताची खाचरं दिसू लागतात. वाडीतल्या आजीबाई कडेला काकड्या मांडून बसल्यात. उपासाला चालते का यावर वाद होईतो निम्मी काकडी संपलेली असते. बांधावरून रांग चाललीय आणि ‘कुणाच्या रानातून जाता’ असं कुणी दरडावत नाही. इंग्लंडात १९३२ साली किंडर स्काउटच्या माळावर नुसतं फिरायला मिळावं म्हणून लोक जमावाने घुसले, राखणदारांशी झटापट झाली, काही तुरुंगात गेले. इथे देवाचं नाव घेतलं की वाट मोकळी. मौज की पुण्य, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. तो मायकोवाला तर देव मानतच नाही, पण घोषणेत त्याचाच आवाज मोठा.

या डोंगररांगेचं एका अंगाचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागराला जातं, दुसऱ्या अंगाचं वैतरणेतून अरबी समुद्राला. तुमच्या अंगावरचं मात्र कुठेच जात नाही, सगळं सदऱ्यातच.

धाडोशी, मग गौतमऋषींच्या देवळाकडची चढण. इथे बोलणं थांबतं. नोकरीचं, लग्नाचं जे खरं बोलायचं होतं ते अलीकडेच बोलून झालेलं बरं. सापगाव आलं की पुन्हा तोंडं सुटतात. त्र्यंबकात दर्शनाची रांग बघून टोळी एकमताने कळसालाच हात जोडते आणि गाडीकडे वळते.

“पुढच्या वर्षी मोठी फेरी. हरिहरला वळसा घालून, चाळीस किलोमीटर!”

“आधी तळपाय दाखव.”

तो दाखवत नाही.